सेटलमेंट : अठरा मिलिमीटर

घणसोलीच्या सिंधुसदनात, बी विंगच्या जिन्याखाली
मी भेगेवर काचेची पट्टी चिकटवते,
तिच्यावर पेनाने तारीख घालते.
पुढच्या महिन्यात काच तडकलेली असली
तर इमारत अजून बसतेय.
नसली, तर झालं तिचं बसून.
अहवालात ह्याला सेटलमेंट म्हणतात.
तुर्भ्याच्या आमच्या मातीपरीक्षण लॅबमध्ये
हा शब्द मी दिवसातून वीसदा टाइप करते,
आणि रात्री फोनवर माईमावशी तोच विचारते :
मग, सेटल कधी होणार तू?

परवा बोअरिंगची गाडी यायची होती, आली नाही.
बसल्या बसल्या शब्दकोश उघडला.
जुन्या इंग्रजीत त्या शब्दाकडे
फक्त एक बसायची जागा होती.
एक आसन, बाक म्हणा.
कोणीतरी दमून टेकलं असेल,
मग बाकाशेजारी चूल आली, गाव आलं,
मग जहाजातून लांब जाऊन
दुसऱ्यांच्या बाकावर बसणारे आले,
मग हिशेब, तंटे,
कोर्टाबाहेर हळू आवाजात मिटवलेली प्रकरणं.
एवढे सगळे एका बाकावर.
बाकाला कोणी विचारलं नाही.

आणि त्याच्याही मागे, पार मागे, आपलाच धातू :
सद्. बसणे.
सदन त्यातलंच.
म्हणजे बिल्डरने दारावरच्या पाटीत
संगमरवरावर कोरून सांगितलं होतं
की ही बसणार.
मला हसू आवरेना.
सोसायटीच्या सेक्रेटरींना, कुरियनसाहेबांना, हे सांगितलं नसतं
तर बरं झालं असतं.

मराठीला मात्र ह्याचं काय कौतुक.
आमच्याकडे गाळ बसतो, घडी बसते, जम बसतो,
विश्वास बसतो त्याच क्रियापदाने फटका बसतो.
धंदा बसला की माणूस घरी बसतो.
बाबांचा रबाळ्यातला कारखाना बसला त्या वर्षी
कोणी "बसा" म्हटलं
की ते उभेच राहायचे.

भेग वर जाताना हासुराम म्हात्र्यांच्या भिंतीतून जाते,
तळमजला, खोली क्रमांक तीन.
ते दारात उभे राहून माझी काच बघतात.
"हितंच आगर होता आमचा," म्हणतात,
पायाने लादी दाबून, ती अजून ओली असावी तशी.
"पानी घ्याचा, बांध घालाचा, न गप ऱ्हावाचा.
पानी निजला का मीठ बसतंय.
मधी पाय घातलास का गेला समदा."
मग त्यांच्या आगराचं सेटलमेंट झालं.
हा शब्द ते "शेटलमेन" असा म्हणतात,
एखाद्या माणसाचं नाव घ्यावं तसा :
शेटलमेन आला, अंगठा घेतला, गेला.

"किती बसली?" त्यांनी विचारलं.
अठरा मिलिमीटर.
त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून
मधल्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.
"एवरीच? आमचा मीठ चार बोटां बसाचा."

मी वहीत आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
मीठ बसलं की पीक.
घर बसलं की भेग.
मुलगी बसली की,
हे मावशीलाच ठाऊक.

"बस ना बाय, कवाधरना उभी हाईस."
त्यांनी निळी प्लास्टिकची खुर्ची ओढली.
जमीन उतरती झालेली, खुर्ची डुगडुगली,
म्हणून एका पायाखाली
जुन्या पेपरची घडी सारली,
हाताने दाबून पाहिली.
मी बसले.

फोन वाजला, मावशीच.
वाजू दिला.
त्यांच्या सुनेने आणलेला चहा न गाळता ओतलेला,
कपात भुकटी अजून गोल गोल फिरत होती.
मी फुंकर मारली नाही.